पान अकरा पुन्हा काढ

साखर पेठ, सोलापूर

प्रिय लेकी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कॉमिकची सोळा पानं मिळाली. एकदा दुपारी कुलरसमोर बसून वाचली आणि एकदा रात्री गच्चीवर, टॉर्च लावून. तुझा नायक मला आवडला. मे महिन्यातलं ऊन अंगात साठवून घेणारा पोरगा ही कल्पना सोलापूरच्याच माणसाला सुचणार. भर दुपारी चपला डांबराला चिकटतात तेव्हा तो एकटाच अशोक चौकात अनवाणी, हसत उभा आहे, त्या चौथ्या पानावर मी बराच वेळ थांबलो. त्याचा देखणेपणाचा तोराही तू नेमका पकडलास. यंत्रमागाच्या शेडमधली आग तो गिळतो, आणि बाहेर आल्यावर आधी उभ्या स्कूटरच्या आरशात केस बघतो. मागं भाजलेला कामगार तसाच बसलेला. एका चौकटीत माणूस कळला.

मग येतं अकरावं पान. दहाव्या पानापर्यंत गर्विष्ठ पण धड असलेला हा मुलगा इथं अचानक डोकं धरून ओरडतो. डोळे पांढरे, संवादाचे फुगे वाकडेतिकडे, भिंतीवर सावल्या. बाराव्या पानावर तो माणूस जाळतो. मधे तू एक ओळ लिहिलीस, "आता त्याला वेड लागलं होतं." त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहायला बसलो.

माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो, यंत्रमागावर कामाला होता. चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. मागाच्या खटखटीतून कोणीतरी आपलं नाव घेतंय, असं म्हणायचा. कानात सुताचे बोळे कोंबून काम करायचा. पुढं काम सुटलं. रात्री दोन-दोन वाजता उंबऱ्यात येऊन बसायचा आणि आतल्या माणसांना जाग येऊ नये म्हणून कडीसुद्धा वाजवायचा नाही. त्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर गल्लीनं त्याला नाव देऊन टाकलं होतं. पोरं दगड मारायची. एकदा कपाळ फुटलं, पाच टाके पडले. अण्णानं उभ्या जन्मात कोणावर हात उगारला नाही, आणि तरीही बायका त्याला बघून लेकरं आत ओढायच्या. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांनी सिनेमात आणि चित्रांत पाहिलेला वेडा तसाच होता, तुझ्या अकराव्या पानावरचा. मनाचा आजार असलेली माणसं हिंसा करतात त्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतात, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत. मी ते घरात पाहिलंय. गोळ्या नियमित सुरू झाल्यावर अण्णा शेवटची अकरा वर्षं किराणा दुकानात हिशेब लिहीत होता. एका पैशाची चूक नाही.

म्हणून तुझ्या नायकाचं मन ढासळणं आणि त्याची नीत ढासळणं हे दोन धागे वेगळे धर. दोन्ही एकाच कापडात विणलेस तरी माझी हरकत नाही, पण कुठला उभा आणि कुठला आडवा हे तुला स्वतःला माहीत असलं पाहिजे.

तू मला टॅबवर मार्व्हल कॉमिक्समधला नेमोर वाचायला लावलास. मी इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर वाढलेला माणूस, मला हा समुद्राचा राजा नवा होता. पण पंधरा दिवस मी त्याच्याच मागं होतो. बिल एव्हरेटनं तो १९३९ साली काढला: बाप अमेरिकन जहाजाचा कप्तान, आई अटलांटिसची राजकन्या, टोकदार कान, घोट्यांना पंख, आणि आपल्या रूपाचा नि रक्ताचा माज. जमिनीवरच्या माणसांनी आपल्या लोकांना मारलं म्हणून तो पहिल्याच गोष्टीत सूड घ्यायला वर येतो. तेव्हापासून तो धड नायक नाही आणि धड खलनायकही नाही.

त्याची १९६२ सालची गोष्ट मात्र तू पुन्हा उघड. स्टॅन ली आणि जॅक कर्बीची, फॅन्टास्टिक फोर या चार महानायकांच्या मालिकेचा चौथा अंक. न्यूयॉर्कमधल्या बेघरांच्या निवाऱ्यात दाढी वाढलेला एक माणूस आहे, आपण कोण हे विसरलेला. त्या चौघांतला जॉनी हा पोरगा बोटाच्या ज्वाळेनं त्याची दाढी काढतो आणि खालून तो जुना चेहरा निघतो. जॉनी त्याला नेऊन समुद्रात टाकतो, पाण्याचा स्पर्श होताच सगळं आठवतं. तो घरी जातो तर अटलांटिस उद्ध्वस्त, माणसांच्या अणुचाचण्यांनी. मग तो सगळ्या मनुष्यजातीवर उलटतो.

आता क्रम बघ. मन हरवलेलं होतं तोवर हा माणूस एका कोपऱ्यात खाटेवर पडून होता. कोणी छेडलं तर झटकायचा, बाकी कोणाच्या अध्यात ना मध्यात. शहरावर राक्षसी प्राणी सोडण्याचं त्याच्या मनात आलं ते स्मृती परत आल्यावर, डोकं ठिकाणावर असताना. लेखक-चित्रकारांनी हे मुद्दाम केलं की नाही, हा वाद मी घालत नाही. पण ती चित्रं पाहताना मला आमचा उंबऱ्यातला अण्णा आठवला.

पुढं १९९० मध्ये जॉन बर्न या लेखक-चित्रकारानं नेमोरच्या रागाला शरीरातलं कारण दिलं: हवा आणि पाणी यांमधल्या जगण्यामुळं रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण बिघडतं आणि तो भडकतो. कारण चांगलं आहे, पटण्यासारखंही आहे. पण तुझ्या पिढीतली पोरं असं कारण मिळालं की लगेच माफीचा शिक्का मारतात, आणि माझ्या पिढीतली कारण ऐकूनच घेत नाहीत. तू कारण दे आणि माफी वाचकावर सोड.

तुला नीत ढासळताना पाहायची असेल तर न्यू अ‍ॅव्हेंजर्स या मालिकेतले २०१४ सालचे अंक बघ, जोनाथन हिकमननं लिहिलेले. दुसऱ्या विश्वातली पृथ्वी आपल्यावर आदळणार आहे; आपली वाचवायची तर ती, जिवंत माणसांनी भरलेली पृथ्वी उडवावी लागेल. जगातल्या सगळ्यांत हुशार माणसांनी बॉम्ब बनवून ठेवला आहे. कळ दाबायची वेळ येते तेव्हा एकेक जण मागं सरतो. कळ दाबतो नेमोर. सगळे त्याच्याकडं तिरस्कारानं बघतात, आणि बॉम्ब बनवणारे हात त्यांचेच. त्यानंतर नेमोर हे काम चालू ठेवण्यासाठी थॅनॉससारख्या क्रूर लोकांची टोळी जमवतो, आणि ती टोळी ज्या चवीनं पृथ्व्या संपवते ते बघून त्याला स्वतःलाच किळस येते. इथं कुठंही पांढरे डोळे नाहीत. मला वाटतं, तुला जे दाखवायचंय ते हेच आहे. "हे करायची धमक फक्त माझ्यात आहे" हे वाक्य माणसाला केवढ्या खाली नेऊ शकतं!

जाता जाता: तुझ्या चौदाव्या पानावर नायकाचा अर्धा चेहरा भाजून विद्रूप होतो आणि तो आणखी क्रूर होतो. हे काढून टाक. बॅटमॅनमध्ये १९४२ साली टू-फेस हा खलनायक आला तेव्हापासून अ‍ॅसिडनं चेहरा गेला की माणूसही गेला, असं दाखवत आलेत. आपल्याकडं अ‍ॅसिडनं जळालेल्या मुली आहेत आणि त्याही कॉमिक्स वाचत असतील.

आता जे मी फार कमी लोकांना सांगितलंय ते लिहितो, कारण ते तुझ्या कामाचं आहे.

मी चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचो, हे तुला माहीत आहे. ग्राफ कागदावरचा एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक भेट. रंगवलेला चौकोन म्हणजे जॅकार्डच्या, मागावरच्या नक्षीच्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या कार्डाला छिद्र, आणि छिद्र म्हणजे तो उभा धागा उचलला जाणार. आडव्या धाग्याच्या एका फेकीला एक कार्ड. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवलेली, त्यांची माळ मागावर फिरत राहते. माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड, पुन्हा तीच नक्षी. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्यासारखा मोर सोलापुरात कोणी काढत नाही, असं मला लोक सांगायचे. मीही ते इतरांना सांगायला लागलो होतो.

एका नव्या नक्षीत कार्डं पाडताना माझी दोन छिद्रं चुकली. मोराचा डोळा भरून निघाला, मोर आंधळा. तीस-पस्तीस चादरी तशाच निघाल्या तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. मालकानं विचारलं, दोष कुणाचा? मी ग्राफ काढून दाखवला. ग्राफ बरोबरच होता, चूक छिद्रं पाडताना झालेली. म्हणालो, "नक्षी बरोबर आहे, मागावर धागा सुटत असेल." विणकर वयानं मोठा, तेलुगू बोलणारा, शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, "कार्ड बघा एकदा." मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. त्याची मजुरी कापली गेली.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी नवं कार्ड पाडून माळेत बसवलं. दुसऱ्या दिवसापासून मोराला डोळा आला. सगळे म्हणाले, मजुरी कापली म्हणून सुधारला बघा. मी तिथंच उभा होतो.

लेकी, माझं डोकं तेव्हा पूर्ण ठिकाणावर होतं. आवाज ऐकू येत नव्हते, झोप लागत होती, भाकरी गोड लागत होती. तेच दिवस अण्णाच्या आजाराचे ऐन भराचे. घरातला ज्याला सगळे वेडा म्हणत तो कोणाला काही करत नव्हता, आणि ज्याचं कौतुक होतं त्यानं एका गरिबाच्या ताटातलं काढून घेतलं होतं, फक्त आपला मोर मोठा राहावा म्हणून.

तेव्हा अकराव्या पानावर किंचाळी नको. तुझ्या नायकाला तू फ्लेक्स दे. आपल्या शहरात वाढदिवसाला चौकाचौकांत लागतात तसा. पहिला फ्लेक्स आगीतून वाचलेल्या कामगारांनी वर्गणी काढून लावलेला असू दे, फोटोही जुनाच, थोडा पुसट. तो रात्री एकटा येऊन बघतो आणि लाजतो. इथं वाचकाला तो आवडला पाहिजे. पुढच्या फ्लेक्सचा फोटो तो स्वतः निवडतो. नंतर कधीतरी पैसेही तोच देतो, पण खाली नाव कामगारांचं घालतो. हे तीन पानांत पसरव, घाई करू नकोस. एका पावसाळी दिवशी एक बाई तो फाटका फ्लेक्स काढून आपल्या झोपडीच्या छपरावर टाकते, आणि तिच्या छपरावर तो आपलाच उलटा चेहरा बघतो. पुढं काय होतं ते तू ठरव. मला वाटतं, तिथं तो हसून बोलेल, अगदी हळू बोलेल, आणि म्हणूनच अंगावर काटा येईल.

फुग्यांचंही थोडं. सुरुवातीला दुसऱ्यांचे फुगे पूर्ण वाचता येतात. जसजसा तो स्वतःत बुडत जाईल तसा त्याचा फुगा इतरांच्या फुग्यांवर चढव, त्यांची शेवटची अक्षरं झाकली जाऊ देत. वाचकाला आधी छपाईची चूक वाटेल. आणि मन खरंच आजारी दाखवायचं असेल, तर आधी चार रात्री जागलेला दाखव, अर्ध्यात सोडलेला चहा दाखव, एकाच गोष्टीची तीनदा केलेली चौकशी दाखव. त्याला भीती वाटू दे. आजारी माणूस आधी स्वतः घाबरलेला असतो, हे मी उंबऱ्यात बसलेल्या अण्णाच्या तोंडावर वाचलंय. अशा रात्री त्याच्याजवळ कोणी बसलं का, हेही तुझ्या पानांत कुठंतरी यायला हवं.

आणखी एक पात्र वाढव. ते का, हे सांगून थांबतो.

तो विणकर गेला. मी काम सोडल्यावर एकदा त्याच्या मुलाला गाठलं आणि सगळं सांगितलं, कापलेल्या मजुरीसकट. मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "नान्नांना माहीत होतं, काका. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी बघितलं होतं. जुन्या कार्डांच्या माळेत नवं कार्ड पांढरं दिसतं ना." त्यानंतर नऊ वर्षं तो माणूस माझ्या नक्षीवर विणत होता आणि रोज सकाळी मला नमस्कार करत होता.

तुझ्या नायकाच्या आसपास असा एक माणूस ठेव. त्याला एकही फुगा देऊ नकोस.

रविवारी सकाळी दहाच्या आत ये, नंतर गच्ची तापते. अकरावं पान पेन्सिलीतच आण, शाई फिरवू नकोस. काकू शेंगाचटणी कुटून ठेवणार आहे, कडक भाकरी मी आणतो.

तुझा,
ग्राफवाला काका