आजोबांच्या ट्रंकेतील युद्धकालीन खंड

प्रश्न : मुंबईत नोकरीला असताना माझ्या आजोबांनी ‘द वॉर इलस्ट्रेटेड’ या लंडनच्या सचित्र नियतकालिकाचे दुसऱ्या महायुद्धातील अंक बांधून घेतले होते. त्यांचे चार खंड माझ्याकडे आहेत. पाने पिवळी पडली असून एकाचा पुठ्ठा सुटला आहे. नवी बांधणी करून घ्यावी का? उरलेले खंड मिळवणे कितपत शक्य आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बांधणीची घाई करू नये, हे आधी सांगतो. आपल्याकडचे बहुतेक बाइंडर जुना खंड हाती आला की शिलाई उसवतात आणि तिन्ही कडा यंत्रावर ‘साफ’ कापून देतात. त्यात समास जातो आणि कधी कधी छायाचित्राखालची ओळही जाते. माझ्या संग्रहातील एका खंडाची अशीच गत झाली, आणि ती मीच हौसेने करवून घेतली होती. सुटलेला पुठ्ठा तूर्त सुती फितीने सैलसर बांधून ठेवावा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी मुळीच लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लावायचेच झाले तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरावा. या अंकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने त्यातील आम्लामुळे तो ठिसूळ होतच राहतो. अंधार आणि कोरडी हवा यांनी ही क्रिया मंदावते, थांबत नाही. कसर घालवण्यासाठी खंड उन्हात घालण्याची आपली जुनी सवय इथे मात्र घातक ठरते.

आता संचाविषयी. सर जॉन हॅमर्टन यांच्या संपादनाखाली १६ सप्टेंबर १९३९ ते ११ एप्रिल १९४७ या काळात याचे २५५ अंक निघाले आणि त्यांचे १० खंड होतात. ते मोठ्या संख्येने छापले गेल्याने दुर्मीळ नाहीत, तेव्हा मोठ्या किमतीची अपेक्षा धरू नये. १९१४ ते १९१९ या काळात पहिल्या महायुद्धावरही याच नावाचे साप्ताहिक निघत होते, त्यामुळे नुसत्या खंड क्रमांकावर विसंबून खरेदी करू नये, साल पाहावे. पृष्ठांक संपूर्ण खंडात सलग असतात. तुटलेला आकडा म्हणजे गहाळ पान. खंडाचे शीर्षकपान आणि सूची आहेत ना, हेही विक्रेत्याला विचारावे, कारण घरोघरी झालेल्या बांधणीत नेमकी तीच पाने राहून जात.

आपले आजोबा मुंबईत होते म्हणून एक सुचवतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात स्फोटके आणि कापूस भरलेला होता. स्फोटाचा हादरा साऱ्या शहराने अनुभवला, तरी युद्धकालीन नियंत्रणामुळे त्याची बातमी पाठवण्यास वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुभा नव्हती. तो काळ आपल्या चार खंडांत येत असेल, तर ते अंक काढून बसावे आणि आजोबांनी प्रत्यक्ष ऐकलेला तो आवाज लंडनच्या या पानांत कधी, किती ओळींत उतरतो, की उतरतच नाही, हे पाहावे.