बटणावर वाजते, टायमरवर मुकी!

प्रश्न : सर नमस्कार, शाळेसाठी सी शार्पमध्ये घंटेचा छोटा प्रोग्रॅम केलाय. फॉर्म लोड होताना एमसीआय सेंड स्ट्रिंग या विंडोजच्या आवाज वाजवणाऱ्या फंक्शनने एमपी३ ओपन करतो आणि तास बदलला की टायमर प्ले देतो. टेस्टचं बटण दाबलं की वाजते पण टायमरची वेळ झाली की काहीच नाही, एररसुद्धा नाही. काल मधल्या सुट्टीची घंटा शेवटी शिपाईमामांनी हातानेच दिली. स्पीकर बदलून झाले, ड्रायव्हर परत टाकला. काय चुकतंय?

उत्तर : अहो, बटणावर वाजतेय ना, मग स्पीकर-ड्रायव्हरच्या नादाला लागूच नका. आणि एरर येत नाही असं नाही, येते, तुम्ही बघत नाही. एमसीआय सेंड स्ट्रिंग हे विंडोजचं जुन्या वळणाचं फंक्शन, चुकलं तरी एक्सेप्शन (प्रोग्रॅम अडवणारी एरर) टाकत नाही, गुपचूप एक आकडा परत देतं, शून्य आला तर ठीक. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये तो आकडा कुठेच धरलेला नाही. तो लेबलवर दाखवा, पैज लावतो २६३ येईल, म्हणजे या नावाचं डिव्हाइस उघडलेलंच नाही.

आता म्हणाल, लोडमध्येच उघडलंय की! उघडलंय, पण ज्या थ्रेडने (प्रोग्रॅममधली कामाची एक स्वतंत्र रांग) ओपन केलं त्याच थ्रेडला तो अलायस, म्हणजे फाइलला दिलेलं ‘बेल’ हे टोपणनाव, ओळखता येतो. बटणाचा कोड फॉर्मच्याच थ्रेडवर चालतो म्हणून वाजतं. तुमचा टायमर सिस्टिम डॉट टायमर्सवाला आणि तोही कोडमधून बनवलेला, त्याचा इलॅप्स्ड (वेळ झाली की चालणारा कोड) थ्रेडपूलमधल्या, म्हणजे तयार थ्रेड्सच्या साठ्यातल्या, भलत्याच थ्रेडवर चालतो आणि तिथे तुमच्या ‘बेल’ला कुणी ओळखत नाही. (मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय.) तो काढून विंडोज फॉर्म्सचा टायमर टाका, नाहीतर त्याच टायमरच्या सिंक्रोनायझिंग ऑब्जेक्टला धिस (म्हणजे हाच फॉर्म) द्या, एका ओळीचं काम.

एवढं केलं की पहिली घंटा वाजेल, दुसरी नाही वाजणार, कारण फाइल वाजून शेवटाला थांबलेली असते. म्हणून नुसतं ‘प्ले बेल’ नको, ‘प्ले बेल फ्रॉम ०’ द्या.

आणि उद्या प्रार्थनेच्या फाइलला मराठीत नाव द्याल, तर डीएलएल इम्पोर्टमध्ये (हे फंक्शन प्रोग्रॅममध्ये आणणारी ओळ) कॅरसेट युनिकोड लिहा. न लिहिल्यास सी शार्प आन्सी (अक्षरं साठवायची जुनी, मर्यादित पद्धत) धरतं, देवनागरी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं जातात आणि फाइल उघडत नाही. पाथमध्ये स्पेस असेल तर पाथ डबल कोट्समध्ये घाला.