रक्तवाहिन्यांचं पॅकेज की सकाळची लघवी?

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. आठव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.४. शनिवारी फुटबॉलच्या सरावानंतर लघवी तपासली, तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतल्या प्रथिनाचं प्रमाण) ४६ आला. लॅबवाले आता रक्तवाहिन्यांचं पॅकेज करायला सांगतात : एचएस-सीआरपी, होमोसिस्टीन, आयकॅम, ई-सिलेक्टिन. करावं का? – एक पालक, डिचोली

उत्तर : पॅकेज नको. लघवीची तपासणी मात्र पुन्हा करा, आणि नीट करा.

आयकॅम, ई-सिलेक्टिन हे रेणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊ लागली की रक्तात वाढतात. संशोधनात त्यांना मोल आहे. पण एकेका मुलाच्या बाबतीत किती आकडा म्हणजे धोका, हे ठरलेलं नाही आणि आकडा काहीही आला तरी उपचार बदलत नाहीत. अंगातला दाह दाखवणारं एचएस-सीआरपी तर साध्या सर्दीनेही चढतं. पावसाळ्यात घरोघरी ताप असताना ते मोजून हाती काय लागणार? होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लाची गोष्ट आणखी नाजूक. नमुना बर्फात ठेवून तासाभरात त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर तांबड्या पेशी नळीतच होमोसिस्टीन सोडत राहतात. गावातल्या कलेक्शन सेंटरवर घेतलेली नळी दुपारच्या गाडीने पणजीला गेली, तर फुगलेला आकडा मुलाचा नसून प्रवासाचा असतो.

आता तो ४६. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत नॉर्मल, ३० ते ३०० म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून प्रथिन गळत असल्याची शंका. पण आधीच्या २४ तासांतला जोराचा व्यायाम, ताप, लघवीचा संसर्ग, फार चढलेली साखर, मुलींमध्ये पाळी, यांपैकी कशानेही तो वाढतो. शिवाय या वयात काही मुलांची दिवसभर उभं राहून लघवीतून थोडी प्रथिनं जातात. ते निरुपद्रवी असतं. म्हणून आदल्या दिवशी सराव बंद. रात्री झोपताना लघवी करून झोपायचं आणि उठल्या उठल्या पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून, स्वच्छ बाटलीत घ्यायची. लॅब उघडायला वेळ असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. चिठ्ठीवर ‘युरिन रूटीन’ नव्हे, ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ लिहून घ्या. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला इतकं थोडं अल्ब्युमिन दिसत नाही.

सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वर आले तरच निदान पक्कं. तसं झालं तर मूत्रपिंडाला जपणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

त्याच्याबरोबर रक्तदाब (दंडाला बसेल अशा मापाच्या पट्ट्यानेच, १३ वर्षांपुढे १३०/८० वा त्याहून जास्त वारंवार आला तर तो उच्च), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०० च्या खाली आहे का ते, आणि बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा बघून घ्या. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जायचं असेल तर आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनिशी बरोबर न्या.

पण खरं काम त्या ८.४ वर आहे. १३ ते ३९ वयाच्या टाइप १ रुग्णांवरच्या, १९९३ साली संपलेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत एचबीए१सी ९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवणाऱ्यांत, ज्यांचे डोळे आधी निरोगी होते, त्यांना पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पॅकेजचे पैसे ग्लुकोजच्या पट्ट्यांवर खर्च करा. मात्र हिमोग्लोबिनही बघा, कारण लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसतं.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, नुकताच टाइप २ निघाला. पाच वर्षांनी तपासण्या सुरू करायच्या ना? – एक आई, फोंडा

उत्तर : नाही, आत्ताच. थांबण्याची मुभा टाइप १ ला आहे, कारण तो कधी सुरू झाला ते साधारण कळतं. टाइप २ कळण्याआधी बराच काळ अंगात असू शकतो, म्हणून लघवी, डोळे, रक्तदाब, लिपिड, यकृताची एन्झाइम्स हे सगळं निदानाच्या वेळीच, आणि मग दरवर्षी. लघवीचा नमुना पाळी संपल्यावर द्या. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बरीच वर्षं चाललं तर मधूनमधून बी-१२ बघा, विशेषतः ती मासे-मटण खात नसेल तर.