इनले असलेलं डायनिंग टेबल पहिल्यांदाच हाताने करायचंय. टॉप सॉलिड सागवानाचा घ्यावा की व्हिनियरचा, आणि खर्च किती येईल?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. "घरचे म्हणतात व्हिनियर म्हणजे नकली, करायचं तर अस्सल लाकडाचंच कर." हे वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी उत्तर देऊन टाकतो. टॉपवर चारी बाजूंनी इनलेची, म्हणजे खाच पाडून जडवलेल्या वेगळ्या लाकडाची, पट्टी फिरवणार असाल तर व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. पाय, चौकट आणि प्लायची कड झाकणारी पट्टी मात्र सॉलिड.

मी एकतीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे कास्टिंगचा साचा पाडायचे नमुने, केले. बीडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्नमेकरची मोजायची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुताने मोठा. आकसणं-फुगणं हा आमच्या धंद्यातला श्रीगणेशा. लाकडाचंही तेच आहे, फक्त ते सगळीकडून सारखं हलत नाही. लांबीत सागवान हलतच नाही म्हटलं तरी चालेल. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं, मग ते कितीही जुनं, कितीही मुरलेलं असो. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरीही मी चूक केली. ती कशी झाली ते सांगतो.

माझ्या बायकोचं माहेर भंडाऱ्याचं. तिच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे साडू, चंद्रपूरकडे लाकडाच्या व्यवहारात मुरलेले. २०१६ साली आम्ही घर बांधलं तेव्हा डायनिंग टेबल मी स्वतः करणार हे ठरलेलंच होतं. सहा फूट बाय तीन फूट, सहा माणसांचं. नक्षीही ठरलेली. लग्नात हिला माहेरून टसरची करवतकाठी साडी आली होती. विदर्भातल्या या साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण एकाशेजारी एक विणलेले असतात. आयुष्यभर करवत हातात धरलेल्या माणसाने टेबलावर दुसरी कसली नक्षी काढायची? शिसवीचे काळपट दाते, त्यांच्या मधे हळदूचे पिवळे दाते, आणि दोन्ही अंगांना शिसवीची बारीक रेघ. शिसव आमच्या आजीच्या मोडक्या पलंगाची होती.

मी प्लायवर व्हिनियर लावणार म्हटल्यावर साडूंचा फोन आला. "आपल्याकडे बल्लारशाचा सागवान असून तुम्ही प्लायवर कागद चिपकवता का राव?" आणि आठ दिवसांत ट्रान्सपोर्टने फळ्या दारात. सहा इंच रुंद, सव्वा इंच जाड, एकही गाठ नाही. रंधा फिरवला की तेलकट वास सगळ्या शेडमध्ये भरून राहायचा. असा सागवान मी पुन्हा पाहिलेला नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. ते वयाने मोठे, फळ्या घराचा आहेर म्हणून दिलेल्या. मला नाही म्हणवलं नाही. सहा फळ्या जोडून टॉप केला, खाच पाडून पट्टी बसवली, आणि दिवाळीच्या पाडव्याला त्यावर पहिलं जेवण झालं. साडूंनी सगळ्या पाहुण्यांना टॉपवर बुक्की मारून दाखवली. "ऐका, हे लाकूड."

२०१७ चा मे महिना. दुपारी जेवून आत पडलो होतो तर बाहेर टक् आवाज झाला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. जाऊन पाहिलं तर टेबलाच्या एका टोकाची आडवी पट्टी मधोमध उचलली होती, खालून पेन्सिल जाईल एवढी. दोन दिवसांनी दुसऱ्या टोकाचीही गेली. मी टेप लावला. पाडव्याला बरोबर ३६ इंच असलेला टॉप ३५ इंच ६ सूत भरला. दोन सूत आखडला होता. पट्टीच्या लाकडाच्या रेषा (तंतू) पट्टीच्या लांबीत होत्या, म्हणजे ती लांबीत आखडणार नव्हती. खाच आखडली, पट्टी आखडली नाही. मग तिला वर येण्याशिवाय जागाच कुठे होती?

साडूंचं निदान: "गोंद हलका वापरला असेल." आजही ते तेच म्हणतात. आता नीट बघा. लांबीच्या बाजूच्या दोन पट्ट्या, सव्वापाच फुटांच्या, जशाच्या तशा घट्ट होत्या. तोच गोंद, तोच हात, तोच दिवस, त्याच ठोकळ्यातून कापलेल्या पट्ट्या. रेषेबरोबर गेलेल्या टिकल्या, रेषेला आडव्या गेलेल्या सुटल्या. गोंदाला दिशा कळते का? यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माझ्या कामात दुसरा मिळालेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात टॉप उतरवला, सांध्यांवरून सहा फळ्या पुन्हा वेगळ्या केल्या आणि त्यांतल्या तीन फळ्या ओळखीच्या पॅटर्न शॉपमधल्या बँड सॉवर (पट्ट्याच्या मशीन-करवतीवर) उभ्या चिरल्या. तीन मिलिमीटरचे पापुद्रे काढले, साफ करून दोन मिलिमीटर राहिले. एका फळीत पाच. म्हणजे साडूंच्याच सागवानाचं व्हिनियर मी केलं. तीन फळ्यांत टेबलाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू झाकल्या. उरलेल्या तिन्हींचा बाक झाला. बाजारात तयार व्हिनियर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं मिळतं. त्यावरही काम होतं, पण इनले करून वरून घासायला त्यात काही उरत नाही, एक चुकीचा हात आणि खालचा प्लाय दिसला. दोन मिलिमीटर हा मला पटलेला आकडा. तीनच्या वर गेलात की तो पापुद्रा पुन्हा फळीसारखा वागायला लागतो. पातळ असला म्हणजे प्लायच्या उलटसुलट रेषांचे थर त्याला धरून ठेवतात, म्हणून तो हलत नाही आणि पट्टी बसून राहते.

खाली १९ मिमीचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), आयएस ७१० मानकाचा. खालच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं व्हिनियर लावायचंच. "खाली कोण बघतंय?" हाही साडूंचाच प्रश्न. बघत कोणीच नाही, पण एकाच बाजूला चिकटवलं तर टॉप एका अंगाने भाजलेल्या पापडासारखा वळतो. खाली डागाळलेले, कडेचे पापुद्रे वापरा, पण वापरा.

चिकटवताना क्लॅम्प कडेलाच दाब देतात आणि मधे गोंदाचा फुगा राहतो. त्यावर उपाय म्हणजे आडव्या रिपा, ज्यांच्या खालच्या बाजूला मधे एक सूत पोट ठेवलेलं असतं. टोकं आवळली की आधी मध्य दाबला जातो आणि गोंद कडेकडे पळतो. मी वर सात, खाली सात लावल्या. मधे जुनं पॉलिथिन टाका, नाहीतर रीपही कायमची टेबलाचीच होईल. रात्रभर ठेवून काढलं तरी आठवडाभर घासू नका. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळ लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलंत तर नंतर तिथे बारीक खळगी पडते आणि पॉलिशमध्ये ती आयुष्यभर दिसते.

दात्यांची पट्टी एकेक त्रिकोण कापून करू नका, वेडे व्हाल. शिसवी आणि हळदूच्या त्रिकोणी काड्या कापायच्या, एक उलटी एक सुलटी शेजारी ठेवून चिकटवायच्या, फूटभर लांबीचा ठोकळा करायचा आणि त्याचे दोन मिलिमीटरचे काप घ्यायचे. प्रत्येक काप म्हणजे चोवीस दात्यांची तयार पट्टी. काड्या फळीच्या रेषेला आडव्या कापा. लांबीत कापल्या तर कापाच्या तोंडावर रेषांची टोकं येतात, ती पॉलिश पितात आणि हळदू काळवंडतं. शिसवीला आधी थिनरचा बोळा फिरवा, तिच्यातलं तेल गोंद धरू देत नाही.

आणि दाते आधी मोजा, मग खाच आखा. माझी पट्टी कडेपासून चार इंच आत होती, म्हणजे ६४ बाय २८ इंचांचा चौकोन. अर्ध्या इंचाला एक दाता धरला तर लांबीत १२८ आणि रुंदीत ५६, एकूण ३६८. चारही कोपऱ्यांत पुरा दाता संपतो. कोपऱ्यात अर्धा दाता आला की पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते, बाकीचं काम त्याला दिसतच नाही.

पट्टी कागदभर वर ठेवून बसवा आणि स्क्रेपरने, म्हणजे खरवडायच्या पोलादी पात्याने, उतरवा. पॉलिश पेपर लावलात तर शिसवीचा काळा भुसा हळदूच्या छिद्रांत बसतो, मग तो निघत नाही. चपडा (लाखेचं पॉलिश) लावतानाही तीच भानगड. स्पिरिटचा बोळा शिसवीवरून ओढला की तिचा जांभळट रंग हळदूत उतरतो. मी पहिला हात बारीक ब्रशने फक्त पिवळ्या दात्यांना दिला. दोन संध्याकाळी गेल्या. ही चष्मा लावून दात्यांजवळ बसली होती आणि साडीचा काठ शेजारी धरून मधेमधे सांगत होती, "इथे राहिलं बघा." वरून शेवटी पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश), कारण नुसत्या चपड्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरं कडं उमटतं.

नकलीचं म्हणाल तर, तूतनखामेनची कबर १९२२ मध्ये उघडली तेव्हा आतल्या पेट्यांवर एबनी आणि हस्तिदंताचे पातळ तुकडे चिकटवलेले होते. त्या राजाला मरून तीन हजारांवर वर्षं झाली होती. सतराव्या शतकात आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीजांसाठी सागवानात एबनी आणि हस्तिदंत जडवून कपाटं केली गेली, ती आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांना कोणी नकली म्हणत नाही. फसवणूक कुठे असते? छापील कागदाला लाकूड म्हणून विकण्यात, किंवा व्हिनियर लावून सॉलिडचे पैसे घेण्यात. उघडपणे, नीट लावलेलं व्हिनियर ही कारागिरी आहे. साडूंच्या धंद्यात लाकडाची किंमत घनफुटावर ठरते, म्हणून त्यांना जाड तेच खरं वाटतं. त्यांचं सागवानावरचं प्रेम मला मान्य आहे. पण तीन फळ्यांत दोन्ही बाजू झाकून उरलेल्यात बाक करणारा माणूस त्या लाकडाचा अपमान करतोय असं ते म्हणाले तेव्हा मला लागलं. अजून लागतं.

खर्चाचं विचारलंत. भाव गावागावाला वेगळा, म्हणून माप सांगतो. पाय, चौकट, कडा आणि घरी चिरलेलं व्हिनियर मिळून अडीच-तीन घनफूट सागवान, प्लायची आठ बाय चारची एक शीट. सगळं सॉलिड केलंत तर साडेतीन-चारच्या आसपास धरा. बँड सॉ आणि क्लॅम्प कोणाकडून तरी मागून आणा, एका टेबलासाठी विकत घेऊ नका. पहिल्यांदाच करताय, तर आधी दीड बाय दीड फुटाचा तुकडा पूर्ण करा, दोन्ही बाजूंनी, एका कोपऱ्यासकट.

आता हेही सांगायला हवं. इनले नकोच असेल तर सॉलिड सागवानाचा टॉप उत्तम, फक्त तो चौकटीला खिळवून टाकू नका, रुंदीत सरकायला जागा द्या. लांबीच्या दिशेने दोन सरळ रेघा एवढीच नक्षी असेल तरीही सॉलिड चालेल. आणि प्लाय हलका निघाला, आतून किडका निघाला, तर माझं सगळं वरचं म्हणणं व्यर्थ आहे. तिथे पैसे वाचवू नका.

शेवटचं काम आजच करता येईल. फूटभर रुंदीची एक सुकी फळी घ्या, तिच्यावर तारीख आणि रुंदी पेन्सिलने लिहा, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये मोजा. माझ्या शेडच्या दारामागे २०१७ पासून अशी एक उभी आहे, साडूंनीच पाठवलेली. मेचा आकडा ११ इंच ५ सूत, ऑगस्टचा ११ इंच ६ सूत, जवळजवळ दरवर्षी. मी त्यांना फोनवर वाचून दाखवले तर म्हणाले, टेप बदला. आता स्टीलच्या पट्टीने मोजतो. आकडे तेच येतात.