नवरा-बायको वेगवेगळ्या देशांचे नागरिक, सध्या राहतातही वेगळे. एकत्र यायला कोणता व्हिसा?

कायमचं एकत्र राहायचं असेल तर सरळ जोडीदार व्हिसाच बघा. टुरिस्ट व्हिसा भेटीपुरता, आणि त्यातही परत जाणार हे पटवावं लागतं. कुणाच्या देशात राहायचं ते आधी ठरवा. अमेरिकेत नागरिक जोडीदार आय-१३० अर्ज भरतो. प्रवेशावेळी लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, २ वर्षांचं मिळतं. ब्रिटन उत्पन्न तपासतं. युरोपीय संघाची गंमत वेगळीच: जोडीदार तिथला नागरिक असून संघातल्याच दुसऱ्या देशात राहत असेल, तर २००४ च्या निर्देशानुसार तुमचा प्रवेश व्हिसा मोफत, स्वतःच्याच देशात राहत असेल तर सहसा तिथला राष्ट्रीय कायदा लागू. भेटींचे फोटो, कॉलच्या नोंदी, तिकिटं मात्र आत्तापासून जपा. वेगळं राहणाऱ्यांकडे पुरावे जास्त मागतात.