इस्तंबूल सोडल्यावर कशाची आठवण येईल आणि कशाची येणार नाही?

दोन वर्षं इस्तंबूलमध्ये काढून पुढच्या महिन्यात निघताय आणि नंतर काय खुपत राहील, असं विचारलंय तुम्ही. मी तिथे चौदा महिने होतो, आशियाच्या बाजूला, कादिकॉयला. निघून वर्ष होत आलं, तेव्हा आता थोडं अधिकाराने सांगू शकतो.

मला वाटलं होतं आया सोफिया आठवेल. नाही आठवत. 537 साली पुरी झालेली ती वास्तू थोर आहे यात वाद नाही, पण 2024च्या जानेवारीपासून परदेशी पर्यटकाला 25 युरो मोजून फक्त वरच्या सज्जात जाता येतं. मी एकदा गेलो. एरवी ती दिसायची ट्रामच्या खिडकीतून, तीही उभं राहायला जागा मिळाली तर.

आठवतो तो वापूर. तिथल्या फेरीबोटीचं हे नाव तुमच्या तोंडात बसलं असेलच. कादिकॉयहून पलीकडे युरोपच्या बाजूला, कराकॉय किंवा एमिनॉनूला जायला वीसेक मिनिटं. मधल्या बॉस्फरस सामुद्रधुनीवर पूल आहेत, 2013पासून समुद्राच्या तळाखालून मार्मराय रेल्वेही धावते आणि ती कितीतरी लवकर पोचवते. तरी कामावर जाणारी मंडळी वापूरच धरतात. मीही पहिला महिनाभर घाईघाईने मार्मरायने जायचो. मग एकदा वापूरवर बसलो आणि पुन्हा रेल्वेचं नाव काढलं नाही. हातात कमरेला निमुळता चहाचा पेला, बाहेरच्या बाकावर वारा, कुणीतरी सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे उडवतंय आणि सीगल ते हवेतच टिपतायत. त्या वीस मिनिटांत कुणाला काही काम नसायचं. एका खंडातून दुसऱ्या खंडात जातोय याचं तर तिसऱ्या दिवशीच काही वाटेनासं होतं. लोदोस सुटला, म्हणजे तो नैर्ऋत्येचा वारा, की फेऱ्या रद्द व्हायच्या आणि माझा अख्खा दिवस चिडचिडीत जायचा.

एका 10 नोव्हेंबरला मी वापूरवरच होतो. 1938 साली त्याच तारखेला सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी अतातुर्क, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक, गेले. त्या मिनिटाला भोंगे वाजू लागले, आमच्या बोटीनेही भोंगा दिला, आजूबाजूच्या बोटींनीही. सगळे उभे राहिले. शेजारच्या आजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. मला काय करावं ते कळेना, मीही उभा राहिलो.

दुसरी आठवण बोलण्याची. काम करणाऱ्या कुणाच्याही जवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ म्हणायचं, म्हणजे तुमचं काम सोपं होवो. आजारी माणसाला ‘गेच्मिश ओल्सुन’, सरो एकदाचं. केस कापून आलात की त्यालाही एक वाक्य ठरलेलं! सुरुवातीला मला हे निव्वळ उपचार वाटायचे. आता रस्ता झाडणाऱ्याच्या बाजूने मुकाट्याने निघून जाताना अवघडल्यासारखं होतं. (भाषेवरून आठवलं: तुर्कीत आठवड्याला ‘हाफ्ता’ म्हणतात. घरमालक पहिल्यांदा दारात उभा राहून ‘हाफ्ता, हाफ्ता’ करू लागला तेव्हा माझा हात आपोआप पाकिटाकडे गेला होता. तो बिचारा पुढच्या आठवड्यात नळ बघायला येतो म्हणत होता.)

मांजरांबद्दल लिहीत नाही. ती आठवणारच.

आता न आठवणारं. टॅक्सी. रात्री अकराला, पावसात, मला पलीकडच्या किनाऱ्याला जायचंय म्हटल्यावर मान वर उडवून ‘च्’ करून निघून गेलेल्या टॅक्सी मी मोजायच्या सोडून दिल्या होत्या.

हिवाळ्यातल्या सकाळीही नकोत. 2016पासून तिथे घड्याळ वर्षभर उन्हाळ्याच्याच वेळेवर ठेवतात, त्यामुळे डिसेंबरात साडेआठपर्यंत धड उजाडत नाही. काळोखात दप्तर पाठीला लावून निघालेली पोरं बघून मला त्यांच्यापेक्षा स्वतःचीच जास्त कीव यायची.

आणि महागाई. ऑक्टोबर 2022मध्ये सरकारी आकड्यानेच वार्षिक दर 85 टक्क्यांच्या वर गेला होता. मी पोचलो तो त्यानंतर, तरी नेहमीच्या खानावळीत दरपत्रकावर जुन्या चिकटपट्टीवर नवी चिकटपट्टी बघितली आहे. मला ते निभलं, पगार बाहेरून यायचा. पण वाढणारा पोऱ्या दर सांगताना खाली बघायचा, ते माझ्याने बघवत नसे.

परदेशातून आणलेला फोन नोंदवला नाही तर 120 दिवसांनंतर तिथल्या सिमवर बंद पडतो, ही कटकट तर तुम्ही भोगलीच असेल. ती विसरायला एक दिवसही लागत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधून झालं की सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी कादिकॉयहून कराकॉयचा वापूर धरा आणि डाव्या बाजूला बाहेर बसा. जुन्या शहराचे मिनार त्याच बाजूला येतात, सूर्यही त्यांच्याच मागे उतरतो. फोटो फार काढू नका. आणि इस्तंबूलकार्डात परतीच्या फेरीचे पैसे आहेत ना ते आधी बघा. माझ्यात नव्हते.