नोटीस आलीय, आता आधी कुणाशी बोलू?

गेल्या महिन्यात सोलापुरातून कर्जाच्या वसुलीबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली तीन इथं घेतेय. नावं टाकलेली नाहीत.

प्रश्न: मॅडम, मी पूर्व भागात राहतो, वडिलांपासून टॉवेलचे माग आहेत. दीड वर्षापासून धंदा बसलाय. सूतवाल्याला ४ लाख ८० हजारांचा चेक दिलेला, नंतर त्यातले १ लाख ५० हजार मी फोनवरून पाठवले, तरी त्यानं पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला, तो बाउन्स झाला आणि आता वकिलाची नोटीस आलीय. पतसंस्थेचं घरावरचं ९ लाखांचं कर्ज थकलंय, त्यात उपनिबंधक ऑफिसची तारीख लागलीय. शिवाय एका फायनान्स कंपनीचं ३ लाखांचं पर्सनल लोन आहे, त्यांची माणसं दिवसभर फोन करतात. मेव्हणे २ लाख द्यायला तयार आहेत, ते फायनान्सवाल्यांना देऊन टाकावे म्हणतोय, कारण डोक्याला ताप त्यांचाच जास्त आहे. बायकोला सांगून ठेवलंय, पोस्टमन आला तर काही घेऊ नको. बरोबर करतोय ना?

उत्तर: भाऊ, ते २ लाख फायनान्सवाल्यांना आत्ता देऊ नका, आणि घरी आधी सांगा की येईल ते प्रत्येक रजिस्टर पत्र सही करून घ्यायचं. पत्र नाकारलं म्हणून नोटीस टळत नाही, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र घ्यायला नकार दिला की कायदा ते मिळालंच असं धरतो, मग दिवस मोजायला सुरुवात होते आणि आत काय लिहिलंय हे फक्त तुम्हालाच माहीत नसतं.

फोन कोण जास्त करतंय हे बघून पैसे वाटायचे नाहीत. कोण तुमचं नेमकं काय घेऊ शकतं आणि किती दिवसांत, ते कागदावर लिहा, मग बोलणी करायला बसा.

सगळ्यात कमी दिवस सूतवाल्याच्या नोटिशीत आहेत. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत त्यानं नोटीस द्यायची असते, आणि ती मिळाल्यापासून तुम्हाला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तो चेक बाउन्सच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करू शकतो. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकून घाबरायचं नाही, गुन्हा जामीनपात्र आहे, तारखेला हजर राहणाऱ्या माणसाला यात सहसा आत जावं लागत नाही, पण समन्स येऊनही जो जात नाही त्याच्यावर वॉरंट निघतं. केस उभी राहिली आणि तुम्ही गुन्हा नाकबूल केला तर कोर्ट चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधीच भरायला लावू शकतं, हेही लक्षात ठेवा.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय की चेक दिल्यानंतर त्यातली काही रक्कम फेडलेली असेल, ती चेकवर नोंदवलेली नसेल, आणि तरी पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला तर त्यावर १३८ चा गुन्हा बसत नाही, कारण त्या दिवशी तेवढं देणंच राहिलेलं नसतं. तुमचे दीड लाख इथं कामाला येतील, पण एक अट आहे. सूतवाला म्हणणार की ते पैसे मी मागच्या दुसऱ्या बिलात जमा केले. म्हणून आजच बँकेचं स्टेटमेंट काढा, पैसे पाठवताना काही मेसेज टाकला असेल तर त्याचा फोटो ठेवा, आणि त्याच्याकडच्या तुमच्या खात्याचा उतारा मागा, कुठलं बिल कधीचं आणि पैसे कुठं जमा झाले ते ओळीनं बघा. चेकनंतर दुसरी उधारी नव्हती हे त्या उताऱ्यात दिसलं तर तुमची बाजू भक्कम. मग १५ दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर पाठवा, गप्प बसू नका. आणि "चेक कोराच दिलेला, रक्कम त्यानं भरली" एवढ्यावर विसंबू नका, सही तुमची असली की देणं होतं असंच कोर्ट आधी धरतं, ते खोडून काढायचं काम तुमचं.

असं असलं तरी उरलेले ३ लाख ३० हजार तुम्ही देणं लागता, आणि ते तो दिवाणी दाव्यानं मागू शकतो. आपल्याकडं सूताचा बाजार काही फार मोठा नाही, माग परत फिरायला लागले की उधारीवर सूत याच पेठेत मागायला जायचंय. म्हणून मी म्हणेन की मेव्हण्यांच्या पैशातले एक लाख घेऊन त्याच्याकडं समोरासमोर जा, बाकीचे हप्ते ठरवा, आणि स्टॅम्पवर लिहून घ्या की जुना चेक परत दिला आणि त्या चेकवर केस करणार नाही. हप्त्यांसाठी पुन्हा नवीन चेकांची गड्डी देऊ नका, नाहीतर प्रत्येक चेक म्हणजे एक नवीन केस.

पतसंस्थेचं प्रकरण हळू चालल्यासारखं वाटतं पण घर त्यांच्याकडं तारण आहे, म्हणून मला खरी काळजी तिथली वाटते. पतसंस्थेला वसुलीसाठी कोर्टात दावा लावत बसावं लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की त्यांचा वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. आणि एकदा दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध वर जायचं म्हटलं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. तुमच्याकडं साडेचार लाख असते तर हे पत्रच आलं नसतं. म्हणजे जे काय म्हणायचंय ते आत्ता, दाखला निघायच्या आधीच्या तारखेला म्हणायचं. खातेउतारा घेऊन जा. लोक शेवटचा आकडा बघतात आणि हबकतात, पण उताऱ्यात मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, दंडव्याज वेगळं, नोटीस खर्च, वसुली खर्च, विम्याचा हप्ता असं सगळं तुमच्या नावे टाकलेलं असतं. तुम्ही भरलेली प्रत्येक पावती त्यात जमा दिसते का ते तपासा, आणि एखादी दिसत नसेल तर त्याच तारखेला लेखी हरकत द्या, त्याची पोच घ्या. तडजोड बहुतेक वेळा दंडव्याजावर आणि खर्चावर होते, मुद्दलावर क्वचित. त्यांच्याकडं सामोपचार परतफेड योजना, म्हणजे तडजोडीनं कर्ज मिटवायची योजना, चालू आहे का, तुमचं खातं त्यात बसतं का हे चेअरमनच्या नावानं अर्ज देऊन विचारा, काउंटरवरच्या माणसाला तोंडी विचारून उपयोग नाही. दुसरे एक लाख इथं भरा, आणि हे पैसे तडजोडीच्या अर्जापोटी भरतोय असं पत्रात लिहा.

फायनान्सवाल्यांचं राहिलं. त्यांच्याकडं काही तारण नाही, ते थेट घरात येऊन माग किंवा गाडी उचलू शकत नाहीत, त्यांना लवाद, दिवाणी दावा किंवा हप्ता बाउन्स झाल्याची केस असं काहीतरी करावं लागेल. तोपर्यंत त्यांना एक मेल टाका की अडचण अमुक आहे, अमुक महिन्यापासून एवढं देऊ शकेन. आकडा असा सांगा की जो मंदीच्या महिन्यातही निघेल.

प्रश्न: ताई, आई विड्या वळून घर चालवते, मी एका दुकानात अकाउंटचं काम करते. माझ्या क्रेडिट कार्डाचे १ लाख ९० हजार झालेत. वसुलीवाला रात्री ९ ला फोन करतो, आईला उचलून घेऊन जाऊ म्हणाला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आलाय की आज संध्याकाळपर्यंत ७० हजार टाका, खातं क्लिअर. सोबत लोक अदालतीची नोटीस पण आहे. आई रात्रभर झोपली नाही.

उत्तर: आईंना आधी हे वाचून दाखव. कार्डाच्या थकबाकीसाठी कुणालाही कुणी उचलून नेऊ शकत नाही, आणि कार्ड तुझ्या नावावर आहे, आईंचा त्यात काही संबंध नाही. वसुलीसाठी फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कॉलची वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, बोलणं रेकॉर्ड कर, आणि बँकेच्या तक्रार विभागाला मेल कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

मेसेजवर ७० हजार टाकू नकोस, कितीही घाई करू दे. ऑफर खरीही असेल, पण बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत मेलवरून पत्र येईपर्यंत एक रुपया नाही. पत्रात तुझ्या कार्डाचे शेवटचे आकडे, किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत, आणि ती भरल्यावर काही बाकी राहणार नाही, हे स्पष्ट हवं. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, वसुलीवाल्याच्या स्वतःच्या नंबरवर अजिबात नाही. अशी पत्रं नसलेली माणसं मी बघितलीत, पैसे भरून वर्षभरानं उरलेल्या रकमेची नोटीस दुसऱ्याच कंपनीकडून येते आणि हातात दाखवायला फक्त एक जुना मेसेज असतो. भरल्यावर नो ड्यूज लेटर मागून घे. सिबिलमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असं लागेल, 'क्लोज्ड' नाही, त्यामुळं पुढं काही वर्षं घराचं वगैरे कर्ज अवघड जाईल, हे माहीत असूनच सही कर. ७० हजार एकदम नसतील तर खाजगी सावकाराकडं जाऊ नकोस गं, तीन हप्ते माग, पुष्कळदा मिळतात.

लोक अदालतीची नोटीस म्हणजे शिक्षा नाही. आधी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जाऊन तुझं प्रकरण खरंच यादीत आहे का ते विचार. असलं तर जाच, तिथं बँकेचा माणूस समोर असतो आणि आकडा फोनपेक्षा खाली येतो. पटलं नाही तर सही करायची सक्ती नाही. पण सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, हप्ता चुकला तर थेट वसुली. महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो माग, तुझा हक्क आहे.

प्रश्न: मित्राला बँकेत जामीन राहिलो. तो पुण्याला निघून गेला, कोर्टाचा हुकूमनामा दोघांवर झाला, आता माझा पगार जप्त करणार म्हणे. माझं कर्जच नाही तर माझ्याकडून का?

उत्तर: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँकेनं आधी मित्राला गाठलं पाहिजे असं नाही. पण पगार सगळा जात नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात, म्हणजे हिशेबात धरायचा पगार ३१,००० असेल तर २१,००० तुमच्या हातात, १०,००० पर्यंत कपात. ती सलग २४ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. पीएफला हात लावता येत नाही, घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, वहिनींचं मंगळसूत्रही जप्तीतून बाहेर असतं. कपात सुरू व्हायच्या आधी बँकेत जा आणि तुमच्यापुरती तडजोड मागा, पत्रात 'जामीनदार मुक्त' हे शब्द आल्याशिवाय भरू नका. जेवढे भराल त्याच्या पावत्या जपा, तेवढे पैसे मित्राकडून वसूल करायला तुम्हाला दावा लावता येतो, मुदत भरल्या तारखेपासून ३ वर्षं.